पावभाजी आणि न्यूयॉर्कचा भाव

पावभाजी कुठून आली असं विचारलं की मुंबईत दोन उत्तरं हमखास मिळतात. कुणी अमेरिकेतल्या यादवी युद्धाकडे बोट दाखवतो, कुणी गिरणी कामगारांच्या जेवणाच्या सुटीकडे. मला दोन्ही अर्धवट वाटत होती. पटण्यासारखं उत्तर मला मिळालं ते मटक्याच्या, म्हणजे आकड्यांच्या जुगाराच्या, इतिहासात.

सामग्रीबद्दल वाद नाही. पाव आणि बटाटा हे शब्द पोर्तुगिजांकडून आले. बटाटा, टोमॅटो, मिरची, सिमला मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. प्रश्न एवढाच, की हे सारं तव्यावर घोटून रात्री रस्त्यावर विकायची गरज मुंबईत कुणापायी पडली?

युद्धाची कथा अशी सांगतात: 1861 ते 1865 या काळात अमेरिकेचा कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तारेने येणारे अमेरिकेचे दर पाहत व्यापारी रात्र जागवू लागले आणि त्यांच्यासाठी उरलेल्या भाज्यांची ही भाजी झाली. ऐकायला छान आहे, पण तारखा जुळत नाहीत. युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी टिकाऊ तार पडली 1866 मध्ये. इराणच्या आखातातून हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला 1865 मध्ये, म्हणजे युद्ध संपलं त्याच वर्षी. न्यूयॉर्कचं कॉटन एक्स्चेंज तर 1870 चं. युद्धाच्या काळात मुंबईचं लक्ष होतं लिव्हरपूलवर, आणि तिथल्या बातम्या यायच्या आगबोटीने. आगबोटीच्या टपालासाठी कुणी रोज रात्र जागवत नाही.

आता गिरणीचं उत्तर. ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली गिरणी 1856 मध्ये सुरू झाली आणि पुढे गिरणगाव वसलं, हे खरंच. पण एकट्या कामगाराचं पोट भरत होती ती खानावळवाली बाई. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाला तिच्याकडे महिन्याच्या हिशेबावर भात, आमटी, भाकरी, मासळी मिळायची. या बायकांचं जाळं एवढं पक्कं होतं की 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ज्याचं ताट बांधलेलं आहे तो रोज लोण्यातल्या पावावर पैसे का घालवेल? पाळी सुटल्यावर तो गाडीवर खात असेलही. पण त्याच्यासाठी हा पदार्थ जन्मला, हे मला पटत नाही.

मटक्यातला दुवा असा. मटक्याच्या आधी मुंबईत ‘आकडा’ चालायचा. न्यूयॉर्कहून तारेने कापसाचा उघडता आणि बंद होता भाव यायचा आणि त्यावर पैसे लागायचे. 1961 मध्ये तिकडून भाव येणं थांबलं, 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, मागून रतन खत्री आले. कापूस गेला तरी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द राहिले.

आता घड्याळ पाहा. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपली रात्रीची दीडची वेळ. लिव्हरपूलचा दिवस आपल्या रात्रीच्या जेवणापर्यंत आटोपतो; माणसाला मध्यरात्रीपर्यंत घराबाहेर ठेवतो तो न्यूयॉर्कचाच भाव. काळबादेवीच्या कापूस बाजाराभोवती दलाल, गुमास्ते आणि आकडा लावणारे असे ताटकळत राहायचे. घरची चूल विझलेली, खिशात पैसे, आणि बाजारात गुजराती-मारवाडी बरेच, त्यामुळे खाणं शाकाहारीच हवं.

पावभाजीचा तवा नीट बघितला की हा तर्क आणखी पटतो. उकडून ठेचलेल्या बटाट्याचा ढीग कडेला सरकवलेला, शेजारी टोमॅटो आणि कांदा. ऑर्डर आली की मधल्या मोकळ्या जागेत लोणी पडतं, त्यावर मिरची-मसाला, कडेची भाजी आत ओढली जाते, पाण्याचा हबका बसतो आणि मॅशर खडखडू लागतो. त्याच लोण्यात पाव उघडून शेकला जातो. दोन-चार मिनिटांत प्लेट हातात! तासभर कुणीच नाही आणि मग एकदम पन्नास माणसं, अशा गिऱ्हाइकासाठी याहून सोयीची रचना नाही. गिरणीच्या भोंग्याला ठरलेली वेळ असते, खाणं आधी रांधून ठेवता येतं. भाव कधी फुटेल ते सांगता येत नाही, म्हणून भाजी अर्धी तयार ठेवून कडेला गरम ठेवावी लागते.

गिरणगावाचा वाटा मी नाकारत नाही. ताडदेवचं सरदार आणि सीएसएमटीसमोरचं कॅनन यांनी हा पदार्थ साऱ्या शहराचा केला, जुहूच्या चौपाटीने तो कुटुंबांपर्यंत नेला, पुढे उडुपी हॉटेलांच्या मेन्यूत आणि लग्नांच्या बुफेत तो कायमचा बसला. पण जन्म विसाव्या शतकातला, बाजारातला आणि रात्रीचा, असंच माझं मत आहे. 1860 चं दशक त्यातून वगळायला हवं.

तुमच्या घरात कुणी कापूस बाजारात काम केलेलं असेल, तर भावाची वाट बघताना रात्री ते काय खायचे आणि कुठे, एवढं त्यांना विचाराच. आणि उत्तर मिळालं की ते साल घालून लिहून ठेवा.