परदेशी कोण, हे ठरवणारा पोलीस कोणाचा? (दीर्घ थ्रेड)

१/ आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरील एखाद्या घरगुती निवासात परदेशी पाहुणा उतरला, की मालकाने चोवीस तासांच्या आत ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखला जाणारा तक्ता भरायचा असतो. ती नोंद जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे रत्नागिरीच्या पोलीस अधीक्षकांकडे जाते. आता पोलीस दल राज्याचे आणि परदेशी नागरिकांचा विषय केंद्राचा. मग राज्याचा पोलीस हे काम कोणत्या अधिकाराने करतो?

२/ संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील वाटणी स्पष्ट आहे. नागरिकत्व व परकीय व्यक्ती (नोंद १७) आणि देशातील प्रवेश व हद्दपारी (नोंद १९) हे विषय संघसूचीत आहेत. पोलीस मात्र राज्यसूचीत, नोंद २ मध्ये. कायदा दिल्लीने करायचा, पण दारावर थाप मारणारा शिपाई राज्याचा.

३/ कायद्याचा साचा स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा आला आणि १९४६ मध्ये परकीय नागरिक कायदा. या दुसऱ्या कायद्याच्या कलम ३ ने देश सोडण्याचा आदेश देण्याची मुभा सरकारला दिली. कलम ९ ने नेहमीचा न्याय उलटा केला : आपण परदेशी नाही, हे त्या व्यक्तीनेच सिद्ध करायचे.

४/ स्वतंत्र भारताने हा कायदा जसाच्या तसा ठेवला. १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. प्रश्न उरला तो एवढाच, की हा अधिकार गावोगाव वापरणार कोण?

५/ उत्तर अनुच्छेद २५८(१) मध्ये होते. राज्याच्या संमतीने केंद्र आपली कामे राज्य सरकारकडे वा त्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवू शकते. १९५८ साली एका अधिसूचनेने १९४६ च्या कायद्याखालील महत्त्वाचे अधिकार असेच सोपवले गेले. रत्नागिरी जिल्हा तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. महाराष्ट्राचा जन्म दोन वर्षांनंतरचा.

६/ अमेरिकेशी तुलना केली तर या अधिसूचनेचे महत्त्व कळते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात सांगितले, की संघराज्य सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक राज्याला स्वतःची भूमिका घ्यावी लागते. २०१७ या एकाच वर्षी कॅलिफोर्नियाने आपल्या पोलिसांचे असे सहकार्य कायद्याने मर्यादित केले, तर टेक्ससने ते सक्तीचे केले. दोन्हीकडे विधिमंडळांत कडाक्याचा वाद झाला. आपल्याकडे हेच काम एका अधिसूचनेत आटोपले.

७/ या व्यवस्थेतील उणीव उघडी पडली जुलै १९९८ मध्ये. मुंबईत तेव्हा शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते : मुख्यमंत्री मनोहर जोशी, गृहखाते गोपीनाथ मुंडे यांच्याकडे. दिल्लीत वाजपेयी सरकार, तर कोलकात्यात ज्योती बसूंचे डाव्या आघाडीचे सरकार. मुंबई पोलिसांनी बांगलादेशी ठरवलेल्या लोकांना सीमेवर पोहोचवण्यासाठी कुर्ला-हावडा एक्स्प्रेसमध्ये बसवले. त्यांत जरीकाम करणारे बंगालीभाषक मुसलमान कारागीर होते.

८/ हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवली आणि पोलिसांच्या ताब्यातील माणसांना सोडवून नेले. हे लोक आमच्याच राज्याचे आहेत, असा पश्चिम बंगालमधील डाव्या पक्षांचा दावा होता. हे घुसखोर आहेत, असा महाराष्ट्राचा. वाद संसदेपर्यंत गेला.

९/ त्या गोंगाटात मूळ मुद्दा हरवला. एखादा कारागीर मुंबईत पकडला जातो. पण तो भारतीय असेल तर त्याचा पुरावा मुंबईत नसतो. शाळेचा दाखला, जमिनीचा कागद, मतदारयादीतील वडिलांचे नाव, ओळखणारे शेजारी, सारे हावडा जिल्ह्यातील गावात. अटकेचा अधिकार एका राज्याकडे, पुरावा दुसऱ्याकडे. अनुच्छेद २५८ ने केंद्राला पोलिसांच्या राज्याची संमती विचारायला लावली. माणसाच्या मूळ राज्याला विचारण्याची सक्ती मात्र कुठेच नव्हती.

१०/ ही उणीव जुनी झालेली नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना संशयितांच्या पडताळणीसाठी ३० दिवसांची मुदत घालून दिली. तरीही जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले. पश्चिम बंगाल सरकारने कागदपत्रे पुढे केल्यावर त्यांना परत आणावे लागले. उलुबेरियात जे जमावाने केले, ते या वेळी कागदांनी केले. पण माणसे सीमा ओलांडून गेल्यानंतर.

११/ १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ आणि १९४६ चे कायदे रद्द होऊन ‘आप्रवास आणि परकीय नागरिक अधिनियम, २०२५’ लागू झाला. सिद्ध करण्याचे ओझे मात्र त्यातही व्यक्तीवरच आहे.

१२/ कोकणाने हा प्रश्न परका मानू नये. आंजर्ल्याचा एखादा तरुण दूरच्या राज्यात कामाला गेला आणि त्याच्या बोलीवरून कोणी संशय घेतला, तर त्याचा सातबारा दापोली तालुक्यातील तलाठ्याकडे असेल, जन्मनोंद ग्रामपंचायतीत, आणि ‘हा आमचाच’ असे सांगू शकणारा पोलीस पाटील गावात. तिकडच्या ठाणेदाराने इकडे एक फोन करावा, एवढ्यावर त्याचे भारतीयत्व टिकून राहील. तो फोन सौजन्य म्हणून होतो की कायद्याचे बंधन म्हणून, हा १९९८ ने विचारलेला प्रश्न आहे.

(समाप्त)