नळीची घडण

मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वराच्या देवस्थानाशी निगडित असा १६६९ सालचा एक शिलालेख प्रसिद्ध आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची त्यात नोंद असून, ते गाव आजच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरात होते असे मानतात. या संस्थेत १९४२ साली विमानविद्येचा विभाग निघाला आणि कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे त्याचे प्रमुख झाले. त्यापूर्वी दोन वर्षे, १९४० साली, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी याच नगरीत विमानांचा कारखाना काढला होता. घाटग्यांनी आखलेले एचटी-२ हे विमान तेथूनच १९५१ साली उडाले.

विमान आणि सायकल यांचे कूळ एकच. राइट बंधूंचा मूळ धंदा सायकलींचा. प्लेगच्या कहरानंतर मल्लेश्वरम्‌ची वसाहत १८९८ च्या सुमारास आकारास आली. १८९७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनल्ड्स यांनी टोकांशी जाड व मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. ताण सांध्यापाशी अधिक, म्हणून धातूही तेथेच अधिक ठेवावा, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

पुढे टायटॅनियम आले. पोलादाहून ते जवळजवळ निम्म्या वजनाचे. परंतु त्याची ताठरताही निम्मीच. १९७० च्या दशकातील टेलिडाइन टायटन ही सायकल शुद्ध टायटॅनियमची होती. वजनाला हलकी, तरी जोर लावताच ती लवते, अशी तक्रार झाली. दोष धातूचा नव्हता. पोलादासाठी ठरलेली मापे या धातूस पुरेशी नव्हती.

यातील गणित उद्बोधक आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास पाव हिश्शाने वाढविला, तर वजन पाव हिश्शानेच वाढते, पण वाकण्याला होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे पोलादी नळीइतकाच ताठपणा सुमारे पाऊण वजनात साधतो. मात्र वजन वाचविण्यासाठी भिंत फार पातळ केली, तर नळी चेपते. तेथे मर्यादा आहेच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मर्लिन आणि लाइटस्पीड या अमेरिकन कारखान्यांनी तीन टक्के ॲल्युमिनियम व अडीच टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूच्या नळ्या वापरल्या. त्या मूळच्या विमानातील द्रवदाबाच्या नळ्यांसाठी होत्या. पेडलापाशी ताठ आणि मागील बारीक नळ्यांत किंचित लवचिक अशी योजना तेव्हापासून रूढ झाली. सुखद स्वारीचे श्रेय लोक धातूला देतात. वस्तुतः त्यातील मोठा वाटा टायर व बैठकीचा असतो.

टायटॅनियमचे खनिज केरळच्या किनाऱ्यावर विपुल आहे, आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे. धातूच्या स्वरूपात ते काढणारा कारखाना केरळात चवरा येथे २०११ साली सुरू झाला, तोही हैदराबादच्या संरक्षण-प्रयोगशाळेने सिद्ध केलेल्या पद्धतीवर. धातू आता घरचा झाला. व्यास, जाडी आणि सांधे यांचा हिशेब मात्र प्रत्येक नव्या धातूसाठी नव्यानेच मांडावा लागतो; जुन्या धातूची मापे उसनी घेऊन भागत नाही, हाच टायटनचा धडा आहे.