उजळ नळी आणि काळी नळी: वडूज येथील दोन तोडेदार बंदुका

जुन्या शस्त्रांच्या धन्यांकडून आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारला जातो. ‘नळी काळी पडली आहे, उजळून घ्यावी काय?’ नव्या रायफलीच्या गिऱ्हाइकासही जवळजवळ हाच प्रश्न पडतो. स्टेनलेस पोलादाची रुपेरी नळी घ्यावी कीं निळसर काळी झांक दिलेली साध्या पोलादाची, हें त्यास ठरवावयाचें असतें. परंतु त्याची निवड खरेदीपूर्वींची असते. जुन्या नळीच्या बाबतींत ती निवड तिच्या लोहारानें पूर्वींच करून ठेविलेली आहे. ती कोणती होती हें न पाहतां नळीस हात घातल्यानें काय गमावतें, तें वडूज येथें आमच्या पाहण्यांत आलेल्या दोन नळ्यांवरून मांडण्याचें योजिलें आहे.

वडूज हें खटाव तालुक्याचें मुख्य ठिकाण येरळा नदीच्या कांठीं आहे. तेथें बंदुकीचें नांव निघालें कीं लोकांस प्रथम ९ सप्टेंबर १९४२ चा मोर्चा आठवतो. त्या दिवशीं झालेल्या गोळीबारांत परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मे झाले. घरोघरच्या जुन्या बंदुकांची आठवण मात्र पुसट झाली आहे, आणि तें साहजिक आहे. १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणानें आणि पुढें १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें पुष्कळ हत्यारें सरकारजमा झालीं. जीं उरलीं तीं माळ्यावर गेलीं.

ह्या दोन्ही नळ्या एकाच घरांतील. घरची समजूत अशी कीं, दोन्ही बंदुका पूर्वजांनीं स्वतःच्या पैशानें घडवून घेतल्या. पहिलीचा कुंदा धड असल्यामुळें दर खंडेनवमीस ती खालीं उतरवावयाची, विटेची पूड, चिंच व राख यांनीं घासावयाची आणि मग पूजेस मांडावयाची, असा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालला. दुसरीचा कुंदा मोडलेला. मोडकें शस्त्र पूजेस चालत नाहीं म्हणून ती माळ्यावरच धुरांत पडून राहिली. परिणाम असा झाला कीं, जिचा मान राखला ती नळी आरशासारखी गुळगुळीत व कोरी आहे. जिची उपेक्षा झाली तिच्यावर मात्र वाचण्याजोगें कांहीं उरलें आहे. दिवा आडवा धरून पाहतां तिच्या काळ्या त्वचेंतून जौहराच्या नागमोडी रेघा दिसतात, आणि रंजकाच्या कानाच्या मागें मोडी अंकांत कोरलेला एक आंकडा स्पष्ट वाचतां येतो. असा आंकडा घरगुती हत्यारावर घालण्याचें प्रयोजन नसतें. तो शिलेखान्यांतील अनुक्रम असावा असें आमचें मत आहे. तें खरें असेल तर ही बंदूक विकत घेतलेली नव्हे, चाकरींत मिळालेली ठरते, आणि घराण्याची हकीकत तितकी बदलते. पहिल्या नळीवरही आंकडा असता तर दोन्ही एकाच शिलेखान्याच्या कीं काय, हें ताडून पाहतां आलें असतें. तो मार्ग आतां बंद झाला आहे.

नळी हा एक कागदच आहे, हें कांहीं आमचें कवित्व नव्हे. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ मध्यें बंदुकांविषयीं लिहितांना, लोखंडाचा पत्रा तिरपा पिळून त्याचे पदर एकावर एक घेऊन नळी घडविण्याची रीत सांगितली आहे; केवळ कडेला कड जोडलेल्या नळ्या फुटत, म्हणून ही सुधारणा. त्याच ठिकाणीं लोखंडाचें वजन, तें कोठून आणलें तें स्थळ, कारागिराचें नांव, घडविल्याचें ठिकाण, काळ व अनुक्रम नळीवर घालीत असेंही तो नोंदवितो. दख्खनेंतील प्रत्येक नळीवर इतकें सांपडणार नाहीं हें उघड आहे. परंतु जेथें एखादा आंकडा सांपडतो तेथें तो कोणत्याही सनदेइतकाच जपला पाहिजे.

मूळ रंग कोणता, याचें एकच उत्तर नाहीं. पिळाच्या नळीचा जौहर आपोआप दिसत नाहीं; नळी घोटून तिला हिराकसासारखें आम्लधर्मी द्रव्य लावलें म्हणजे लोखंड व पोलाद यांवर त्याचा परिणाम कमीअधिक होऊन रेघा उमटतात, आणि पृष्ठभाग करडा-काळसर होतो. अशी नळी उजळणें म्हणजे लोहाराचें शेवटचें काम पुसून टाकणें होय. उलटपक्षीं, कंपनीच्या पलटणींतील शिपायांकडे जी विलायती बंदूक असे तिची नळी मुद्दाम पांढरी ठेवलेली असे, आणि ती घासून चकचकीत राखणें हा कवाइतीचा भाग होता. घासून घासून नळ्या पातळ होत, आणि उन्हांत चमकून शत्रूस ठावठिकाणा सांगत. १८०० च्या सुमारास आलेल्या बेकर रायफलीची नळी म्हणूनच तपकिरी केलेली होती. १८५३ च्या एन्फील्डची नळी निळसर केलेली असे. तेव्हां जौहरदार नळी आणि कंपनीची नळी यांस एकच नियम लावणें चुकीचें होय.

येथें गंजाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण सगळा काळेपणा गंज समजण्यांतच घोटाळा होतो. तांबडा गंज सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो व आंत खात जातो. काळा थर हा लोखंडाचाच, पण घट्ट बसलेला प्राणिद आहे. आधुनिक ‘ब्ल्यूइंग’ म्हणजे तोच थर मुद्दाम आणणें. तो पातळ असतो, तेल न दिल्यास टिकत नाहीं, परंतु तांबड्या गंजापेक्षां शतपट बरा. स्टेनलेस पोलादाची गोष्ट निराळी. १९१३ मध्यें शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली हा बंदुकीच्या नळ्यांची आंतून होणारी झीज कशी थांबवावी, ह्या शोधांत असतां सुमारें १२.८ टक्के क्रोमियम असलेलें पोलाद त्याच्या हातीं आलें. त्याचा विशेष ध्यानांत आला तो असा कीं, धातूची घडण पाहण्यासाठीं लावावयाच्या आम्लाचा त्यावर परिणामच होईना. आमच्या लोहारानें ज्या युक्तीनें जौहर उमटविला तीच तेथें निरुपयोगी ठरली, आणि त्यांतूनच नवें पोलाद ओळखलें गेलें! मात्र हेंही पोलाद सर्वस्वी गंजत नाहीं असें नाहीं, एवढें नव्या रायफलीच्या गिऱ्हाइकानें ध्यानांत ठेवावें.

शिकलगारांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. शस्त्र लखलखीत करून देणें हाच त्यांचा धंदा, आणि धनी मागेल तें त्यांनीं दिलें. फार वर्षांपूर्वीं आम्हींही हाती आलेली एक नळी काचकागदानें घासली होती. पांढरी चकाकी दिसूं लागल्यावर आनंदही झाला होता. कागदावर आलेल्या काळ्या भुकटीबरोबर काय गेलें, हें समजण्याइतकें ज्ञान तेव्हां नव्हतें.

आमची सूचना थोडक्यांत अशी. प्रथम बंदूक भरलेली नाहीं याची खात्री करावी. गज आंत घालून तो कानापर्यंत पोंचतो कीं नाहीं हें बाहेरून मोजून पाहिलें म्हणजे कळतें, कारण शंभर वर्षांची दारूही पेट घेऊं शकते. नंतर आडव्या उजेडांत नळी फिरवून पाहावी व दिसेल त्या अक्षराचा ठसा घ्यावा. मऊ कोरड्या फडक्यानें धूळ काढून अगदीं पातळ तेल किंवा मेण लावावें. आज्ञापत्रांतही पावसाळ्यांत तोफांस तेल-मेण देऊन त्यांचे काने मेणानें भरून ठेवण्याविषयीं सांगितलें आहे; घासण्याविषयीं तेथें उपदेश नाहीं. आम्लें, विटेची पूड, काचकागद यांचें नांवही काढूं नये. खटावाकडील पाऊस बेताचा असल्यामुळें काळी त्वचा तेथें एवढी तरी टिकली. कोंकणांतील अथवा जावळीकडील धन्यानें ओलीकडे अधिक लक्ष द्यावें.

घासलेल्या नळीची मूळ स्थिति जाणण्याचा एकच उपाय राहतो. कुंद्यांत बसलेल्या खालच्या बाजूस शिकलगाराचा हात पोंचत नाहीं. घरच्या वडील मंडळींच्या परवानगीनें पहिल्या बंदुकीचे कडे सैल करून नळी हलकेच उचलून पाहिली, तेव्हां तळाशीं बोटभर रुंदीची काळसर पट्टी व तींत तसाच नागमोडी जौहर दिसला. म्हणजे तीही एके काळीं काळीच होती. कानाच्या मागची बाजू मात्र साफ कोरी आहे.