तळटीप : बाइटचे चिन्ह

मूळ लेखकाने इथे प्रत्येक बाइट तक्त्यात शोधण्याआधी ‘अनसाइन्ड’ करून घेतला आहे. हे सोवळे वाटेल, पण अनाठायी नाही. साध्या ‘कॅरॅक्टर’मध्ये ऋण किंमत मावते की नाही, हे सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणाने कंपायलरवर सोडले. इंग्रजी अक्षरे १२७च्या आत बसतात, म्हणून हा फरक वर्षानुवर्षे दडून राहतो. ‘यवतमाळ’ लिहिले की उघडा पडतो: यूटीएफ-८मध्ये सहा चिन्हांचे १८ बाइट, आणि सगळेच १२७च्या वर. पहिला बाइट २२४. लिनक्सवर जीसीसीने बांधलेला प्रोग्रॅम तो एआरएमवर २२४ असाच वाचतो, इंटेलवर मात्र उणे ३२. आणि उणे ३२व्या घरात काय सापडेल याची हमी कोणीच देत नाही.

कंपायलरला एक पर्याय दिला की हे मिटते, असा आक्षेप येईल. स्वतःच्या यंत्रावर मिटते. पण लायब्ररी बांधणारा दुसराच असतो आणि पर्याय त्याचे असतात. ‘वाइड कॅरॅक्टर’ वापरा, हा सल्लाही तोकडाच. तो लिनक्सवर ३२ बिटांचा, विंडोजवर १६. देवनागरी १६ बिटांत मावते. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेली मोडी मावत नाही.