पारशिवनी परिसर, प्राचीन नाणी आणि धातुशोधक यंत्र

पारशिवनी हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण पेंच नदीच्या खोऱ्यात वसले असून त्याच्या पूर्वेस रामटेक तालुका आहे. रामटेकनजीकचे नगरधन हीच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अशा भूमीत धातुशोधक यंत्र घेऊन नाणी शोधू लागल्यास इतिहासाची भर पडेल, असा समज सहज होतो. तो तपासून पाहणे अवश्य आहे.

या यंत्राच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पुरलेल्या धातूत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व त्यावरून धातूचे अस्तित्व कळते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी ग्रॅहॅम बेल याने याच तत्त्वाचा अवलंब केला होता. यंत्र धातू ओळखते. तो कोणत्या थरात व कशाच्या सान्निध्यात आहे, हे त्याला सांगता येत नाही.

नाण्याचे मोल मात्र पुष्कळदा या सान्निध्यातच असते. १९३९ मध्ये तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे पोटीन या हलक्या मिश्रधातूची सुमारे १,६०० सातवाहन नाणी एकत्र सापडली. म. म. वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन केले, तेव्हा कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही पुराणांना अज्ञात असलेली राजनामे उजेडात आली. हा संचय वाटेतच फुटला असता, तर या राजांचा इतरांशी असलेला संबंध दुर्बोध झाला असता. वाकाटकांनी नाणी पाडलीच नाहीत, असेही दीर्घकाळ मानले जाई. पुढे काही लहान तांब्याची नाणी त्यांची म्हणून पुढे आली. अशा नाण्यांचा निर्णय करताना प्राप्तिस्थान व थर यांची साक्ष मोलाची ठरते.

नगरधनच्या अलीकडील उत्खननात मिळालेली प्रभावतीगुप्तेच्या नावाची मुद्रा तर मातीची आहे. यंत्र तिच्यावरून फिरले असते तरी मूकच राहिले असते. आणि शेजारच्या नाण्यासाठी खणणाऱ्याने ती ढेकूळ समजून फेकून दिली असती.

कायद्याची दृष्टीही काहीशी अशीच आहे. १८७८ च्या निधिविषयक कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. परंतु शासनाने तो घेतल्यास मोबदला ठरतो तो धातूची किंमत आणि तिचा एकपंचमांश एवढाच. पोटीनच्या नाण्याबद्दल शेतकऱ्याच्या हाती त्यामुळे जवळजवळ काहीच पडत नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरले, तरी हा हिशेब बदलला नाही.

यंत्र व कायदा दोघेही धातू मोजतात. इतिहासाला जागा हवी असते. म्हणून नाणे सापडताच ते न घासता, न हलविता स्थळाची नोंद करणाऱ्या शेतकऱ्याचा सन्मान होणे, हा या प्रदेशाच्या संशोधनातील पहिला उपाय होय.