शेताच्या नकाशांतील खुणा

शेताची सीमा बांध सांगतो. परंतु त्याची किंमत कोणी सांगावी? अहमदनगर जिल्ह्यांत (सन २०२४ पासून अहिल्यानगर) हा प्रश्न फार जुना आहे. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर (मृत्यु १६२६) यानें जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरविण्याची पद्धति घातली. पुढें १८१८ मध्यें कंपनी सरकारचा अंमल बसला. प्रिंगलसाहेबांनीं दख्खनची मोजणी केली, परंतु प्रतबंदी सदोष व सारा जड, त्यामुळें शेतें ओस पडूं लागलीं. हा धडा घेऊन गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ मध्यें इंदापुराकडे नवें काम आरंभिलें. त्याचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालांत ग्रथित झाले व नगर जिल्ह्याची मोजणीही त्याच पद्धतीनें झाली.

या पद्धतींत दोन कामें असत. पहिलें मोजणीचें. तेहतीस फुटी साखळी व शंकु घेऊन मोजणीदार शेतांतून मुख्य रेषा टाकी आणि तिच्यापासून काटकोनांत अंतरें घेऊन बांधाचा प्रत्येक बांक टिपी. साखळीभर लांब व तितकीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर.

दुसरें काम प्रतबंदीचें. कारकून नकाशावर रेघा ओढून शेताचे भाग पाडी आणि प्रत्येक भागांत मातीची खोली पाही. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी माती पहिल्या प्रतीची, म्हणजे सोळा आणे. मातींत दोष आढळल्यास वर्णन न लिहितां तो ठराविक खूण करी: उतार असेल तर तिरपी रेघ, कण एकजीव नसतील तर फुली, चुनखडीचे खडे असतील तर ठिपके. एका खुणेनें जमीन एक प्रत खालीं उतरे. सोळा आण्यांची जमीन तिरप्या रेघेनें चौदा आण्यांवर येई. वर ठिपके पडले कीं बारा आण्यांवर.

प्रवराकांठच्या काळ्या रानापेक्षां पारनेरच्या मुरमाड माळावर अशा खुणेची गरज अधिक. ती राहून गेली तर शेतकऱ्यानें तीस वर्षें जादा सारा भरावा. लांच घेऊन खोटीच घातली तर सरकारनें नुकसान सोसावें. म्हणून वरिष्ठ अधिकारी कांहीं शेतें स्वतः पुन्हां तपासीत.

आज साखळीच्या जागीं टोटल स्टेशन आलें आहे. त्यांत बांध, रस्ता, विहीर यांच्या प्रत्येक बिंदूस सांकेतिक अक्षरें देतां येतात आणि एकाच संकेताचे बिंदु संगणक क्रमानें जोडून रेघ काढतो. संकेत चुकला तर बांधाची रेघ रस्त्यास जाऊन मिळते आणि यंत्रास त्याचें कांहींच वाटत नाहीं. ती चूक ओळखावी लागते ती बांधावर उभ्या असलेल्या माणसानेंच. प्रतबंदीच्या कारकुनावरही हीच जबाबदारी होती.