'दाम' : एका ग्रीक शब्दाचा मराठी संसार



"दाम करी काम" ही म्हण आमच्या उंब्रजच्या बाजारांत जितकी ऐकूं येते, तितकीच शहरांतील पेढीवरही. परंतु तिच्यांतील 'दाम' हा मुळांत ग्रीक पाहुणा आहे.

'द्राख्मे' हें ग्रीकांचें चांदीचें नाणें. या नांवाचा मूळ अर्थ 'मूठभर'. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत, मिनँडर व अपोलोदोतस यांचीं ग्रीक अक्षरांचीं जुनीं नाणीं भडोचास अद्याप चालतात, असें म्हटलें आहे. पैठण व तेर येथील माल त्याच बंदरीं उतरे. संस्कृतानें त्या नाण्यास 'द्रम्म' म्हटलें. शिलाहार व यादव यांच्या लेखांत तो शब्द आढळतो. पुढें कर्म-कम्म-काम, चर्म-चम्म-चाम, त्याच रीतीनें द्रम्म-दम्म-दाम झालें.

ग्रीकांत हा शब्द स्त्रीलिंगी. मराठींत तो पुल्लिंगी झाला. 'एक दाम, चार दाम' असें त्याचें रूप दोन्ही वचनीं सारखेंच. विभक्ति लागतांच 'दामानें, दामांनीं' असा भेद दिसतो. 'दामोदर' यांतील दाम मात्र निराळा. तो 'दोरी' या अर्थाचा शुद्ध संस्कृत शब्द आहे. उलट 'साम, दाम, दंड, भेद' यांत मनुस्मृतीचा शब्द 'दान' आहे. लोकव्यवहारानें त्याच्या जागीं दाम बसविला.

अकबराच्या राज्यांत दाम तांब्याचा झाला व रुपयास चाळीस मिळूं लागले. 'छदाम' आणि 'दमडी' या शब्दांत तर त्याची पत पारच उतरली. तथापि 'दामदुप्पट' या शब्दानें त्यास न्यायाचें बळ दिलें. व्याज एका वेळीं मुदलाहून अधिक वसूल करूं नये, हा तो जुना नियम. हिंदु ऋणकोच्या बाबतींत मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींही तो मानला. पुणें व नगर भागांतील १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, तो आमच्या सातारा जिल्ह्यासही लागू होता. कर्जाखालीं दबलेल्या कुळास अशा मर्यादेची किंमत काय, हें निराळें सांगावयास नको.

अर्वाचीन ग्रीसनें १८३२ सालीं 'द्राख्मी' हें आपलें चलन केलें; २००२ सालीं युरो आला व तें नाणें व्यवहारांतून गेलें. त्याच्या मायदेशीं नाणें उरलें नाहीं. येथें शब्द उरला आहे, आणि लोभाला मर्यादा असावी ही आठवणही त्याच्याच पदरीं बांधलेली आहे. ती गांठ आपण सैल होऊं देऊं नये.